पत आणि खुर्ची

आमच्या गावाचे नाव वरवट बकाल. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातले, शेगावहून संग्रामपूरकडे जाताना लागणारे, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसणारे कापूसपट्ट्यातले गाव. बँकेच्या नोकरीत बदली होऊन नव्या शाखेत गेलो की सहकारी गावाचे नाव विचारीत आणि ऐकल्यावर गालातल्या गालात हसत. ‘बकाल’ म्हटले की आजच्या माणसाच्या डोळ्यांपुढे उघडी गटारे आणि अस्ताव्यस्त झोपड्या येतात. मी त्यांना सांगत असे, जुन्या मराठीत बकाल म्हणजे किराणा-भुसार विकणारा दुकानदार. मूळ शब्द अरबी, ‘बक्काल’. वाण्या-बकालांचा उल्लेख जुन्या लिखाणात जोडीने येतो. दुकानदार या अर्थाचा शब्द आपण विसरलो आणि घाण या अर्थाचा तेवढा लक्षात ठेवला. व्यापार करणाऱ्या माणसाविषयी आपल्या मनात जी अढी असते, तिला हे शोभूनच दिसते.

वऱ्हाडातल्या मोठ्या खेड्यांत असा एखादा दुकानदार असायचाच. त्याचा आजा ‘लोटा-दोरी घेऊन’ मारवाडातून किंवा गुजरातेतून आलेला. नातू आपल्यासारखीच वऱ्हाडी बोलणारा. माझ्या लहानपणी आमच्याकडचे सालदार आपल्या सालाची शिल्लक अशाच एका दुकानदाराकडे ठेवीत. कागद नाही, पावती नाही. पोळ्याला बैलांचा साज घ्यायचा, लेकीला माहेरी आणायचे, की जाऊन मागायचे. पुढे मी बँकेत लागलो, ठेवींची उद्दिष्टे घेऊन खेडोपाडी हिंडलो, तेव्हा या न लिहिलेल्या खात्यांशी माझी गाठ पडली. आमच्याकडे पितळी जाळीचा काउंटर, तिजोरी, सरकारची हमी, सारे होते. तरी म्हातारी माणसे विचारीत, ‘साहेब, तुमची बदली झाल्यावर माझे पैसे कोण देईल?’ त्यांचा विश्वास माणसावर होता. त्या विश्वासालाच आपण पत म्हणतो.

अशा पतीच्या जोरावर राज्याच्या विधिमंडळात जाऊन बसलेला महाराष्ट्रातला एक आद्य व्यापारी म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, लोकांचे नाना शंकरशेट. मुंबईत त्यांच्या नावाचा चौक आहे, रस्ता आहे. मुंबई सेंट्रल स्थानकाला त्यांचे नाव देण्याच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मंजुरी दिली. नाव सर्वांना ठाऊक आहे. माणूस मात्र शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळींत अडकून पडला आहे. आजच्या आमदारकीच्या काळात त्या माणसाकडे पुन्हा एकदा पाहावे असे मला वाटते. कायदेमंडळाच्या खुर्चीत बसण्यापूर्वी त्याने चाळीस वर्षे काय केले आणि खुर्ची मिळाल्यावर त्याच्या हाती काय आले, हा हिशेब मला महत्त्वाचा वाटतो.

घराणे मूळचे कोकणपट्टीतले, मुरकुटे आडनावाचे, जातीने दैवज्ञ सोनार. अठराव्या शतकात नानांचे आजोबा बाबुलशेट नशीब काढायला मुंबईत आले. तेव्हाची मुंबई म्हणजे किल्ला, खाड्या आणि नारळीच्या वाड्या. कंपनी सरकारला माणसे हवी होती. कारागीर, दलाल, सावकार असे जे जे जीव मुठीत धरून तिथे आले, त्यांच्यातले काही तगले. बाबुलशेट तगले. त्यांचे वडील गणबाशेट. किल्ल्यातल्या ‘गनबो स्ट्रीट’ या विचित्र नावात हे गणबाशेटच दडलेले आहेत, असे सांगतात. परक्या गावात येऊन बस्तान बसवणाऱ्या घराण्याचे नाव साहेबाच्या जिभेवर असे वाकडेतिकडे होऊन का होईना, रस्त्याला चिकटावे, ही गोष्ट मला मोठी बोलकी वाटते. बाबुलशेटांचे चिरंजीव शंकरशेट यांनी व्यापारात मोठी संपत्ती मिळवली. १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाडला त्यांच्या पोटी जगन्नाथ जन्मले. १८२२ साली शंकरशेट वारले, तेव्हा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. पेढी, वाडे, देणी-घेणी सारे त्याच्या अंगावर पडले.

त्या पेढीची पत केवढी होती? अरब, अफगाण आणि इतर परदेशी व्यापारी आपला ऐवज बँकेत ठेवण्याऐवजी नानांच्या ताब्यात ठेवीत, असे त्यांच्याविषयी लिहिले गेले आहे. हे वाचले तेव्हा मला आमच्याकडचे सालदार आठवले. समुद्रापलीकडून आलेला अरब आणि ज्वारीच्या शेतातून आलेला सालदार, दोघांचे गणित एकच.

असा श्रीमंत तरुण त्या काळात काय करता? देवळे बांधता, लग्नांत पैसा उधळता, फार तर साहेबाला मेजवान्या देता. नानांनी वेगळ्याच जागी पैसा आणि वेळ घातला. वडील गेले त्याच वर्षी मुंबईत देशी मुलांसाठी शाळा काढणारी आणि शाळेची पुस्तके तयार करणारी मंडळी उभी राहिली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तिला पाठिंबा होता. नाना त्या कामात शिरले ते कायमचे. १८२७ साली एल्फिन्स्टन विलायतेला निघाले, तेव्हा त्यांच्या स्मारकासाठी मुंबईकरांनी दोन लाखांवर रुपये जमवले. पुतळ्यापुरते न थांबता त्या पैशांतून शिक्षणाची सोय झाली आणि त्यातूनच एल्फिन्स्टन कॉलेज वाढले. वर्गणी मागायला दारोदार जाणे हे काम किती जड असते, हे ज्याने कधी गावच्या शाळेच्या खोलीसाठी पावतीपुस्तक हातात धरले आहे त्यालाच कळेल.

१८४० साली सरकारने शिक्षण मंडळ नेमले. त्यात तीन जागा हिंदी लोकांना होत्या. एकीवर फ्रामजी कावसजी, दुसरीवर महंमद इब्राहिम मकबा आणि तिसरीवर नाना. हे मंडळ चालले तोवर नाना त्यात होते. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी लढाई याच मंडळाच्या टेबलाभोवती झाली. मंडळाचे अध्यक्ष होते सर अर्स्किन पेरी, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. मोठा विद्वान आणि वजनदार माणूस. त्यांचे म्हणणे असे, की हाताशी पैसा थोडा आहे. तो वरच्या वर्गातल्या मूठभर मुलांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण देण्यावर खर्चावा, मग ज्ञान हळूहळू खाली झिरपेल. देशी भाषांत ना पुस्तके, ना शास्त्रे.

१८४७ साली या प्रश्नावर मंडळात उघड फूट पडली. नाना, त्यांचे दोघे हिंदी सहकारी आणि कर्नल जॉर्ज जार्व्हिस हे देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. नानांनी आपले मत लेखी नोंदवले. इंग्रजीचा त्यांना तिटकारा नव्हता. इंग्रजी शिक्षणासाठीही त्यांनी भरपूर केले होते. त्यांचा मुद्दा साधा होता. ज्ञान थोरामोठ्यांच्या चार घरांत ठेवायचे असेल तर इंग्रजी पुरेल. ते लोकांपर्यंत न्यायचे असेल तर लोकांच्याच भाषेतून न्यावे लागेल. पुस्तके नसतील तर ती लिहून घ्यावीत.

हा मुद्दा मांडणारा माणूस व्यापारी होता, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. माल गिऱ्हाइकाच्या गावात, त्याला कळेल अशा मापात पोहोचवला पाहिजे, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. झिरपण्याची वाट पाहणे त्याच्या स्वभावात नसते. पुढे १८५४ च्या वूडच्या खलित्याने बहुजनांचे शिक्षण देशी भाषांतून व्हावे हे तत्त्व मान्य केले. त्याचे श्रेय एकट्या नानांना देणे खरे होणार नाही. पण मुंबई इलाख्यात ही बाजू साहेबाच्या तोंडावर, त्याच्याच टेबलावर बसून मांडणाऱ्यांत ते पहिल्या रांगेत होते. मी मराठी शाळेत अक्षर गिरवले, मराठीतून हिशेब शिकलो आणि त्याच शिदोरीवर पुढे बँकेत अधिकारी झालो. माझ्यासारख्या हजारो खेडुतांच्या पाटीवरच्या पहिल्या रेघेत १८४७ सालच्या त्या वादाचा थोडा अंश आहे.

मुलींच्या शाळेचेही तसेच. एल्फिन्स्टनमधल्या तरुणांनी १८४८ साली ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापली आणि पुढच्या वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या. जागा कोण देणार? नानांनी गिरगावातल्या आपल्या आवारात शाळेला जागा दिली. सनातनी मंडळी चिडली. पण शेटजींच्या आवारातून मुलींना हुसकून लावायची छाती कुणाची होणार? पतीचा असाही उपयोग असतो.

आमच्या भागाशी नानांचा संबंध आला तो आगगाडीमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या सुरुवातीच्या दहा संचालकांत हिंदी दोनच होते, सर जमशेटजी जीजीभाई आणि नाना. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे प्रत्येक शाळकरी पोराला पाठ असते. पण तीच लोहवाट पुढे घाट चढून, खानदेश ओलांडून, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करीत १८६७ साली नागपूरला पोहोचली आणि १८७० साली जलंबहून खामगावला फाटा गेला, हे आम्हा वऱ्हाडकरांनी तरी विसरू नये. या गाडीने आमचा कापूस मुंबईला नेला आणि व्यापारी आमच्याकडे आणले. जिनिंग आणले, सट्टा आणला, सावकारीही आणली. ज्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी गुळाचा खडा खाल्ला, तशा कितीतरी घराण्यांचे पूर्वज याच रुळांवरून इकडे आले असणार. नाना स्वतः वऱ्हाडात गाडी येण्यापूर्वीच गेले होते.

आता खुर्चीची गोष्ट. २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत ‘बॉम्बे असोसिएशन’ स्थापन झाली. पश्चिम हिंदुस्थानातली ही पहिली राजकीय संस्था. नाना तिचे अध्यक्ष आणि डॉ. भाऊ दाजी चिटणिसांपैकी एक. कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण तोंडावर आले होते. असोसिएशनने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. त्यातल्या मागण्यांत एक अशी होती, की कायदे करणाऱ्या मंडळात या देशातल्या लोकांनाही जागा असावी. आज ही मागणी मवाळ वाटते. त्या वेळी ती इतकी धीट वाटली, की संस्थेतलेच काही धनिक बिचकून दूर झाले. १८५७ च्या धामधुमीत तर खुद्द नानांवर संशय घेतला गेला. चौकशी झाली आणि काहीच निष्पन्न झाले नाही. ज्या सरकारच्या मंडळांवर माणसाने दोन तपे काम केले, त्याच सरकारने त्याच्याकडे वाकड्या डोळ्याने पाहावे, हा अनुभव त्यांनी गिळला असावा.

१८६१ सालच्या इंडियन कौन्सिल्स अॅक्टने मुंबई इलाख्याला कायदेमंडळ मिळाले. २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये त्याची पहिली बैठक भरली. गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क अध्यक्षस्थानी होते. नेमलेल्या मोजक्या हिंदी सभासदांत संस्थानिक आणि सरदार होते, आणि स्थलांतरित सोनाराचा हा नातूही होता. आजच्या महाराष्ट्र विधिमंडळाची वंशावळ मागे नेली की ती त्या दिवसापाशी जाऊन थांबते.

त्या खुर्चीत होते तरी काय? निवडणूक नव्हती, गव्हर्नर नेमील तो सभासद. सभासदाला प्रश्न विचारता येत नसे. अंदाजपत्रकावर बोलता येत नसे. सरकारने मांडलेल्या विधेयकापुरतेच बोलायचे, तेही सरकारी मतांच्या छायेत. हा अधिकार किती तोकडा होता ते पाहा. शिक्षण मंडळात नानांनी अध्यक्षाला लेखी विरोध केला होता. कायदेमंडळात साधा प्रश्न विचारण्याचीही सोय नव्हती. ती सोय पुढे १८९२ च्या कायद्याने आली.

त्यांच्या सभासदत्वाची वर्षे मुंबईच्या वेडाची वर्षे होती. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे सोने झाले. मुंबईत रोज नवी बँक, रोज नवी कंपनी निघू लागली. समुद्र भरून काढण्याच्या योजनांचे भाग लोक डोळे मिटून घेत होते. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतली लढाई थांबली. १ जुलै १८६५ रोजी वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला आणि पत्त्यांचा बंगला कोसळला. काल लक्षाधीश असलेले लोक रस्त्यावर आले. १८६८ साली खुद्द बँक ऑफ बॉम्बे बुडाली. मी आयुष्यभर कर्जाच्या फायली तपासल्या. त्या काळाविषयी वाचताना एकच गोष्ट मनात येते. पैसा आणि पत या दोन निराळ्या वस्तू आहेत. पैसा त्या चार वर्षांत मुंबईत पावसासारखा पडला. पत मात्र पिढ्यान्‌पिढ्यांनी थेंबाथेंबाने साठलेली होती, आणि एका दिवसात अनेकांची ती वाहून गेली.

या पडझडीच्या महिन्यातच, ३१ जुलै १८६५ रोजी नाना वारले. कायदेमंडळात त्यांना जेमतेम साडेतीन वर्षे मिळाली. तिथे त्यांनी अमुक कायदा केला असे सांगून टाळी घेण्यासारखे काही नाही, आणि तसे ओढूनताणून सांगण्याची गरजही नाही. त्यांची खरी आमदारकी खुर्चीपूर्वीच होऊन गेली होती. तिची कामे शाळेत, रुळांवर आणि त्या १८५२ च्या अर्जात सांडलेली दिसतात.

नानांना देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. ते इंग्रजी राज्याच्या आधाराने वाढलेल्या वर्गाचे होते आणि त्या राज्याशी एकनिष्ठ राहूनच मागत होते. १८६२ च्या त्या दालनात शेतकरी नव्हता, गिरणीत राबणारा नव्हता, अस्पृश्य नव्हता, बाई तर नव्हतीच. पण दार एकदा किलकिले झाले की ते पुन्हा घट्ट लावणे अवघड जाते. याच मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव संमत करून घेतला. त्याच ठरावाच्या पाठबळावर १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या तळ्यावर गेले. मुकाट बसण्यासाठी बनवलेल्या खुर्चीतून साठ वर्षांत हे एवढे निघाले.

आमचा वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. तो निजामाने कंपनीच्या हवाली केलेला मुलूख. पुढे मध्य प्रांत-वऱ्हाड, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० साली महाराष्ट्र, असा फिरत फिरत बुलढाणा जिल्हा नानांच्या कायदेमंडळाच्या वारसांकडे आला. पण बाहेरून आलेल्या व्यापारी घराण्यातला माणूस इथल्या मातीचा होऊन विधिमंडळात बसतो, हे आम्हीही पाहिले. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी मारवाडी कुटुंबातले. लोकांनी त्यांना ‘विदर्भकेसरी’ म्हटले, आणि जुन्या मध्य प्रदेश राज्याचे ते अर्थमंत्री झाले. बाहेरचा कोण आणि इथला कोण, याचा निकाल माणसाच्या आडनावावरून लागत नाही. त्याने गावासाठी काय पदरमोड केली यावरून तो लागतो.

नानांच्या स्मरणार्थ मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठी शिष्यवृत्ती ठेवली गेली. ती मिळवणे म्हणजे जन्मभराचा शिक्का, ‘शंकरशेट स्कॉलर’. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली. हेच देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. ज्याच्या हाती लोक पावती न घेता ऐवज ठेवीत, त्याच्या नावाची शिष्यवृत्ती घेतलेला मुलगा पुढे साऱ्या देशाच्या पतीचा राखणदार झाला. कादंबरीत असे लिहिले असते तर संपादकाने जुळवून आणलेला योगायोग म्हणून खोडले असते.

आता आमच्या तालुक्यात सकाळी सकाळी पिवळ्या गाड्या धूळ उडवीत येतात आणि पोरे भरून इंग्रजी शाळांकडे जातात. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतला पट घटत चालला आहे. आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. लेकराने आपल्यापेक्षा चार पावले पुढे जावे असे कुणाला वाटत नाही? पण इंग्रजी वरच्यांना आणि झिरपेल तेवढे खालच्यांना, हा अर्स्किन पेरींचा हिशेब पावणेदोनशे वर्षांनी आपणच आपखुशीने मान्य करीत आहोत काय, हा प्रश्न मनातून जात नाही. त्या वेळी मंडळात त्याला उत्तर द्यायला एक व्यापारी उभा राहिला होता. आज विधानसभेत २८८ आमदार आहेत. त्यांना प्रश्न विचारता येतो, अंदाजपत्रकावर बोलता येते, मानधन मिळते, निवृत्तिवेतन मिळते. नानांना यातले काहीच नव्हते.

मुंबईच्या ज्या टाउन हॉलमध्ये कायदेमंडळाची ती पहिली बैठक भरली, तिथेच एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत नानांचा संगमरवरी पुतळा आहे. मुंबईला कामासाठी जाणाऱ्या आपल्या आमदारांनी वाटेत तिथे एकदा थांबावे. हार घालायची आवश्यकता नाही. आपल्या गावात, खुर्ची मिळण्यापूर्वी, लोकांनी पावती न घेता आपल्या हाती काय ठेवले होते आणि त्यातले किती शिल्लक आहे, एवढा हिशेब तिथे उभे राहून मनाशी केला तरी पुष्कळ झाले.